ॲडसेन्सचा हिशेब : मराठी संकेतस्थळाला ते कितपत परवडते?

परसबाग आणि घरगुती रोपांची निगा या विषयावरचे एक छोटे मराठी संकेतस्थळ मी सांगलीतून चालवतो आणि त्यावर गेली सहा वर्षे गूगलच्या ॲडसेन्स या सेवेच्या जाहिराती लावलेल्या आहेत. “साइटवर जाहिराती लावल्या की घरबसल्या पैसे सुरू” हे वाक्य ज्यांनी कुठे ना कुठे ऐकले आहे आणि त्यातले खरे किती हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ॲडसेन्स पैशाच्या व्यवहाराला चोख आहे. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवसांत खात्यात येते. मात्र मराठी वाचकाच्या एका भेटीचे मोल आपल्या लेखनाच्या कसावर ठरत नाही, त्या घटकेला त्या वाचकापर्यंत पोचण्याची गरज कोणाला किती आहे यावर ते ठरते. हे ज्याला उमगत नाही, त्याचा पहिल्या वर्षातच हिरमोड होतो.

गूगलने ही सेवा जून २००३ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी गूगलने विकत घेतली होती आणि ॲडसेन्स हे नाव तिच्याकडूनच आले. पानावरचा मजकूर यंत्राने वाचावा आणि त्याच्याशी जुळणारी जाहिरात शेजारी लावावी, ही मूळ कल्पना. आपण गूगलने दिलेल्या कोडच्या काही ओळी पानात घालतो आणि वाचकाने पान उघडले की जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीसाठी पापणी लवायच्या आत लिलाव उरकतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही: माल शेतकऱ्याचा, बोली व्यापाऱ्यांची आणि मधे अडत्या. यार्डात शेतकरी आपल्या ढिगाजवळ उभा राहून कोणी किती बोली लावली ते ऐकतो. इथे बोली तर सोडाच, त्या घटकेला आपला माल नेमका कोणी नेला हेसुद्धा बहुधा कळत नाही.

अडत किती, हा प्रश्न ओघाने येतोच. सेवा सुरू झाल्यावर जवळजवळ सात वर्षे गूगलने प्रकाशकाचा, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्याचा, वाटा जाहीर केला नव्हता. मे २०१० मध्ये प्रथमच सांगण्यात आले की मजकुराशेजारच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ६८ टक्के वाटा संकेतस्थळाला मिळतो. २०२४ च्या सुरुवातीपासून हिशेबाची मांडणी बदलली. आता जाहिरातदाराच्या बाजूचे व्यासपीठ आधी आपले शुल्क कापून घेते आणि उरलेल्या रकमेतले ८० टक्के प्रकाशकाला मिळतात. जाहिरातदार गूगल ॲड्स या गूगलच्याच व्यासपीठावरून आला असेल तर ते शुल्क सरासरी १५ टक्के असल्याचे गूगल सांगते. म्हणजे जाहिरातदाराच्या १०० रुपयांतून आधी १५ गेले, उरलेल्या ८५ चे ८० टक्के म्हणजे पुन्हा ६८ रुपयेच आपल्या पदरात पडले. पहिल्या वाचनात मला यात पगारवाढीचा भास झाला होता, कागदावर गुणाकार केल्यावर तो ओसरला. तरीही नवी मांडणी मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण कापणारे हात दोन आहेत हे तरी तीत दिसते.

त्याच वेळी दुसरा बदल झाला. पूर्वी प्रकाशकाला मुख्यतः क्लिकमागे पैसे मिळत, आता जाहिरात दाखवली गेल्याचे मिळतात. जाहिरातदार क्लिकच्या हिशेबाने पैसे मोजत असला तरी त्याचे रूपांतर गूगल आपल्या पद्धतीने करते. सहा वर्षांपूर्वी ‘एका क्लिकला किती’ हा सर्वांचा प्रश्न असे. आज उपयोगी पडणारा आकडा एकच, आणि तो म्हणजे आरपीएम: हजार पाने पाहिली गेल्यावर झालेली कमाई. समजा हा आकडा अर्धा डॉलर आला, तर १०० डॉलरची रक्कम जमायला दोन लाख पाने वाचली जावी लागतील. तो पाच डॉलर आला तर २० हजार पुरतील. संकेतस्थळ तेच, लिहिणारा तोच, कष्ट तेवढेच, आणि दहापट फरक. हा फरक नेमका कुठून येतो, हेच या सेवेच्या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचे आहे.

एक कारण भाषेचे. मराठी मजकूर यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात जालावर येण्यालाच वेळ लागला. एके काळी आपली अनेक संकेतस्थळे निरनिराळ्या जुन्या फाँटमध्ये होती. पडद्यावर देवनागरी दिसे, पण यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडी असे. युनिकोड ही सर्व यंत्रांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत रुळल्यावर ही अडचण दूर झाली, तरी ॲडसेन्सने मराठीला अधिकृत मान्यता दिली ती २०१८ मध्ये. हिंदीला ती डिसेंबर २०१४ मध्येच मिळाली होती. मधल्या काळात मराठी पानावर जाहिरात लावायची तर मान्य भाषेच्या आडोशाने काम चालवावे लागे. मान्यता मिळाली म्हणून जाहिरातदार लगेच मराठी बोलू लागला असे मात्र झाले नाही. माझ्या पानांवर आजही मजकूर मराठीत आणि शेजारची जाहिरात इंग्रजीत किंवा हिंदीत, असे दृश्य नेहमीचे आहे. मिरजेतला ठिबकच्या नळ्या विकणारा दुकानदार या लिलावात सहसा उतरतच नाही, आणि जे उतरतात त्यांना माझ्या कारल्याच्या वेलाशी काही देणेघेणे नसते.

साताऱ्याच्या माझ्या आत्याने एकदा फोन करून विचारले, “अरे, तुझ्या त्या साइटवर कुकर कधीपासून विकायला लागलास?” तिने कुंडीतल्या पुदिन्याचा लेख उघडला होता आणि वर, मधे, खाली असे तीन कुकर तिला दिसले होते. मी तेच पान माझ्या फोनवर उघडले तर मला गृहकर्ज आणि एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली. आदल्या दिवशी आत्याने कुठेतरी कुकरच्या किमती पाहिल्या होत्या, तेवढ्यावरून कुकरवाला तिच्या मागोमाग माझ्या पुदिन्यापर्यंत आला होता. मजकूर वाचून जाहिरात लावायची ही २००३ ची कल्पना अजून शिल्लक आहे, पण पुष्कळदा बोली पानाला लागत नाही, पान वाचणाऱ्या माणसाला लागते. आत्याला एवढे सगळे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “मग त्या कुकरचे पैसे तुला किती मिळाले?” मला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि ॲडसेन्सच्या अहवालातूनही ते मिळण्यासारखे नव्हते.

वाचकाला बोली लागते याचा उलटा, सुखद अनुभवही आहे. कढीपत्त्याचे रोप कडाक्याच्या थंडीत घरात कसे जगवावे, यावर मी एक लेख लिहिला होता. सांगलीत या लेखाची कोणाला गरज? इथे कढीपत्ता कुंपणाला फोफावतो. पण न्यू जर्सी, टोरांटो, लंडन इथल्या मराठी घरांत खिडकीशी ठेवलेली कढीपत्त्याची कुंडी हा जिव्हाळ्याचा विषय निघाला. वाचक थोडे होते, तरी या एका पानाचे आरपीएम बाकीच्या पानांच्या कितीतरी पट आले, कारण त्या देशांतल्या वाचकासाठी बोली लावणारे अधिक असतात आणि ते चढ्या भावाने लावतात. तेच रोप, तीच भाषा, फक्त कुंडी सातासमुद्रापलीकडे. मात्र युरोपातले वाचक येत असतील तर एक जबाबदारीही सोबत येते: जानेवारी २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना वैयक्तिक जाहिराती दाखवायच्या तर गूगलने प्रमाणित केलेल्या साधनातूनच त्यांची संमती घ्यावी लागते. ॲडसेन्समध्ये ही सोय फुकट आहे आणि अर्ध्या तासात लावून होते. तिच्या चौकटीतला मजकूर मात्र सरकारी अर्जासारखा वाचावा लागतो.

खाते मंजूर होण्याविषयी थोडक्यात. वय १८ पूर्ण हवे, संकेतस्थळ स्वतःचे हवे, मजकूर स्वतः लिहिलेला हवा. वाचकसंख्येची किमान अट नाही. अर्ज नाकारला गेल्यास येणारे उत्तर मोघम असते. ‘कमी मूल्याचा मजकूर’ एवढ्या तीन शब्दांवरून काय सुधारायचे हे नवख्याला कळत नाही, आणि सेवेतला हा मला ठळक दोष वाटतो. माझ्या ओळखीत ज्यांचे अर्ज परत आले त्यांच्याकडे बहुधा पाच-सहा त्रोटक लेख, तेही इकडून तिकडून उचललेले, असाच मामला होता.

पैसे हातात पडण्याचा मार्ग मात्र तपशिलाने सांगण्यासारखा आहे. जमा १० डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी गूगल टपालाने सहा अंकी पिन पाठवते. ही चिठ्ठी यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिली पिन निघाल्यापासून चार महिन्यांत ती भरली नाही तर जाहिराती थांबवल्या जातात. मी पत्ता भरताना आपल्याकडच्या रीतीने ‘विठ्ठल मंदिरामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ असे सविस्तर लिहिले आणि नेमका घर क्रमांक विसरलो. पहिली चिठ्ठी आलीच नाही. दुसऱ्या वेळी घर क्रमांक, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक नीट लिहिला आणि पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवले, त्यांनी एका सकाळी हाक मारून पोस्टकार्डाएवढी पांढरी चिठ्ठी हातात दिली आणि “परदेशातून काय आलं?” म्हणून दारातच थांबले. त्या सहा आकड्यांसाठी मी दीड महिना घालवला होता, हे त्यांना सांगायचे धैर्य झाले नाही.

त्यानंतरचा टप्पा १०० डॉलरचा. महिनाअखेर जमा १०० डॉलरच्या वर गेली असेल तरच पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. नाहीतर रक्कम पुढे ओढली जाते. माझे पहिले १०० डॉलर जमायला तब्बल चौदा महिने लागले. पैसे परदेशातून थेट बँकेत येतात, त्यामुळे खात्यावरचे नाव आणि ॲडसेन्सवरचे नाव तंतोतंत जुळायला हवे आणि बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारातला तिचा ओळख क्रमांक, अचूक हवा. माझ्या गावातल्या एका बँकेच्या शाखेत पहिली रक्कम तीन दिवस अडकली, कारण ती कोणत्या कामापोटी आली याचा परपज कोड कोणीच भरला नव्हता आणि ‘संकेतस्थळावरची जाहिरात’ हे काम साहेबांच्या यादीत सापडेना. शेवटी मी फोनवर माझेच संकेतस्थळ उघडून साहेबांना जाहिरात दाखवली. सुदैवाने त्या वेळी कुकर नव्हता, खताची होती. डॉलरचे रुपये करताना बँक आपला दर लावते आणि काही बँका आवक शुल्कही कापतात, तेव्हा १०० डॉलरला निघालेली रक्कम खात्यात थोडी रोडावूनच पोचते. हे उत्पन्न करपात्र आहे, म्हणून पैसे आल्याचा प्रत्येक कागद पहिल्यापासून जपून ठेवावा आणि वस्तू व सेवा कराचे आपल्याला काय लागू होते ते सनदी लेखापालाला एकदा विचारून घ्यावे.

एक इशारा खास आपल्या लोकांच्या स्वभावासाठी. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचे नाही आणि कोणाला करायलाही सांगायचे नाही, हा ॲडसेन्सचा सर्वांत कडक नियम आहे. तो मोडला तर खाते कायमचे बंद होऊ शकते. माझ्या इचलकरंजीच्या मावसभावाला मी या कामाबद्दल सहज बोललो आणि तो पठ्ठ्या रोज रात्री जेवण झाल्यावर निष्ठेने माझ्या संकेतस्थळावरच्या चार-पाच जाहिराती दाबू लागला. महिनाअखेर हिशेबात अवैध क्लिकांची वजावट दिसली तेव्हा मला ही माया उलगडली. दादाला समजावणे पिन मिळवण्याहून अवघड गेले. “अरे, मी तर मदत करत होतो” हेच त्याचे पालुपद. अहवालात रोज दिसणारा आकडा अंदाजी असतो आणि पक्का हिशेब पुढच्या महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे अशा वजावटीचा धक्का कमी बसतो.

जाहिराती कुठे लावायच्या हे यंत्रावर सोपवण्यासाठी २०१८ पासून ऑटो ॲड्सची सोय आहे. सोय म्हणून उत्तम, दिसायला वाईट. मी ती पंधरा दिवस पूर्ण मोकळी सोडली तर माती, शेणखत आणि कोकोपीट किती घ्यावे या तीन ओळींच्या प्रमाणात दोन जाहिराती शिरल्या, आणि मजकूर वाचता वाचता खाली उडी मारू लागला. कमाई किंचित वाढली, वाचक मात्र पानावर कमी वेळ थांबू लागले. आता मी जाहिरातींचे प्रमाण कमी ठेवले आहे आणि दोन विभागांत त्या बंदच केल्या आहेत. नको असलेले विषय अडवायची सोय मात्र मनापासून आवडली. ज्योतिष आणि गूढविद्या हा गट मी पहिल्याच आठवड्यात बंद केला, कारण तुळशीच्या लेखाशेजारी ‘सात दिवसांत वश’ छापाचे काही यावे हे मला सोसणारे नव्हते. त्याने कमाईत किती घट झाली हे मी मुद्दाम पाहिले नाही.

पर्याय आहेत, पण मराठीसाठी ते तोकडे आहेत. दिव्यांक तुरखिया यांनी उभारलेली आणि २०१६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरना चिनी समूहाला विकली गेलेली मीडिया डॉट नेट ही कंपनी मुंबईशी नाते सांगणारी असली, तरी तिचा सारा भर इंग्रजी मजकूर आणि पाश्चात्त्य वाचक यांवर आहे. टबूलासारख्या सेवांच्या ‘हेही वाचा’ छापाच्या चौकटी मोठ्या वृत्तसंकेतस्थळांखाली दिसतात. छोट्या संकेतस्थळाला त्या सेवा सहसा दारात उभे करत नाहीत, आणि पोटाच्या चरबीचे ते फोटो पाहता ते बरेच आहे. जास्त दराचे आमिष दाखवणाऱ्या आणखी एका जाहिरात-जाळ्याचा कोड मी चार महिने लावून पाहिला. पडद्यावरचे आकडे देखणे होते, पैसे शेवटपर्यंत आले नाहीत. ॲडसेन्सच्या चोखपणाची किंमत मला तेव्हा कळली.

आणि इथेच या सेवेवरचा माझा खरा आक्षेप सुरू होतो. बोली लावणाऱ्याचे व्यासपीठ, लिलावाची जागा आणि विकणाऱ्याचे साधन असे तिन्ही एकाच घरचे असेल तर अडत रास्त आहे की नाही हे तपासणार कोण? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला की प्रकाशकांसाठीचे ॲड सर्व्हर (कोणत्या चौकटीत कोणती जाहिरात दाखवायची हे सांभाळणारे साधन) आणि जाहिरातींची विनिमय-बाजारपेठ, म्हणजे लिलावाची जागा, या दोन क्षेत्रांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने जाहिरात-तंत्रज्ञानाच्या प्रकरणात गूगलला २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ही प्रकरणे मुख्यतः मोठ्या प्रकाशकांच्या साधनांविषयी आहेत, माझ्यासारख्याच्या ॲडसेन्स खात्याविषयी नाहीत. पण माझी रिकामी चौकट ज्या यार्डात विकली जाते ते यार्ड गूगलचेच आहे. त्यातच आता शोधाच्या पानावर यंत्राने रचलेले उत्तर सर्वांत वर दिसू लागले आहे. ‘मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत’ याचे उत्तर तिथेच मिळाले, तर वाचकाने माझ्याकडे यायचे कशाला? तो आलाच नाही तर लिलाव कसला आणि ६८ टक्के कशाचे?

म्हणून ज्याच्याकडे शे-दीडशे सकस लेख आहेत, शोधातून येणारा नियमित वाचक आहे आणि संकेतस्थळाच्या सर्व्हरचा व नावाच्या नूतनीकरणाचा खर्च निघाला तरी ज्याला पुरेसे आहे, त्याने ॲडसेन्स बिनदिक्कत घ्यावे. नोकरी सोडून यावर घर चालवण्याचा बेत असेल तर मराठीच्या बळावर तो करू नये. माझ्या संकेतस्थळाचा खर्च ॲडसेन्समधून निघतो आणि दिवाळीच्या आधी, जाहिरातदारांचे हात सैल असतात तेव्हा, वर थोडे उरतात. जानेवारीत आकडा पुन्हा खाली येतो.

सर्वांत वरची चौकट मात्र गेल्या पावसाळ्यापासून मी ॲडसेन्सला देत नाही. ती मिरज रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेला महिन्याच्या ठरलेल्या भाड्याने दिली आहे. तिथे बोली नाही, पिन नाही, स्विफ्ट कोड नाही. एक तारखेला मालक यूपीआयने पैसे पाठवतात आणि मागोमाग फोन करतात: “सर, या वेळी जास्वंदीचा फोटो लावा, माल आलाय.”